गाडीतील ब्लूटूथ : आवाज येत नसेल तर काय पाहावे?

सभासद बंधु-भगिनींनो,

गळीत हंगाम सुरू झाला की फोनला उसंत नसते. टोळी आली का, ट्रॉली भरली का, काट्यावर नंबर लागला का, सगळे फोनवरच चालते. त्यात काही जण एका हाताने फोन कानाला लावून गाडी चालवतात. पुढे उसाची ट्रॉली, तिला मागे लाल दिवा नाही, अशा वेळी क्षणाची चूक घर उघड्यावर पाडते. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, हातात फोन धरून गाडी चालवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. फोन ब्लूटूथने गाडीला जोडला तर हात मोकळे राहतात. पण "जोडलंय म्हणतंय, आवाज मात्र नाही" अशी तक्रार पुष्कळांची असते.

ब्लूटूथ म्हणजे थोड्या अंतरावरची बिनतारी जोडणी. तिच्यात दोन वाटा असतात : एक बोलण्याची, दुसरी गाण्यांची. पाटाला दोन दारे असावीत तसे. एक दार बंद असले तर त्या बाजूला पाणी जात नाही. म्हणून कधी बोलणे ऐकू येते, गाणे येत नाही, कधी उलटे.

गाडी बाजूला उभी करून क्रमाने पुढील गोष्टी पाहाव्यात :

(१) गाडीच्या रेडिओवर एफ.एम. ऐवजी ब्लूटूथ निवडले आहे का?

(२) फोनचा आवाज आणि गाडीचा आवाज, दोन्ही वाढवा. बोलण्याचा आवाज वेगळा असतो. तो बोलणे चालू असतानाच वाढवावा.

(३) घरातला दुसरा फोन आधीच जोडला गेला आहे का? मुलाचा फोन गाडीत असला की बहुधा हेच घडते. त्याचे ब्लूटूथ बंद करा.

(४) अँड्रॉइड फोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढील खूण दाबा. तेथे फोन कॉल व मीडिया ऑडिओ ही दोन्ही बटणे चालू हवीत. हीच ती दोन दारे.

(५) तरीही जमले नाही तर फोन व गाडीचा रेडिओ बंद करून पुन्हा चालू करा.

(६) शेवटचा उपाय : फोनमधून गाडीचे नाव आणि गाडीतून फोनचे नाव, दोन्ही काढून टाका व नव्याने जोडा. एकाच बाजूचे काढले तर जुनी नोंद आडवी येऊ शकते. जोडताना दोन्हीकडे सारखाच आकडा दिसला तरच होकार द्यावा.

समोरच्याला आपले बोलणे ऐकू येत नसेल तर काचा वर घ्या व पंखा कमी करा. गाडीचा माइक बहुधा छताजवळ असतो. त्याला वाऱ्याचा आवाज आधी ऐकू जातो.

एक मात्र ध्यानी ठेवा. हात मोकळे झाले तरी मन बोलण्यातच गुंतते. लांबलचक हिशेब करायचा असेल तर गाडी थांबवूनच बोला. ऊस चार तास उशिरा तुटला तर चालेल, माणूस घरी वेळेवर पोचला पाहिजे.

आपला,
ऊस विकास अधिकारी