कुपी क्रमांक ५३-एन

परळची हाफकिन संस्था ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या डॉ. वाल्देमार हाफकिन यांच्या दैनंदिन्या आणि खासगी कागदपत्रे आज जेरुसलेमच्या इस्रायल राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. प्लेगची लस शोधणाऱ्या या शास्त्रज्ञाला आपले निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी जवळपास पाच वर्षे झगडावे लागले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात छोटी प्रयोगशाळा थाटली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पहिली लस स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळला आली.

पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांपैकी ५३-एन या एकाच कुपीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशीत ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेने निर्जंतुकीकरण केले, हा आक्षेप होता. हाफकिन यांना पद सोडावे लागले.

इंग्लंडला गेल्यावर त्यांनी शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार करून आपली बाजू मांडली. मलेरियावरील संशोधनासाठी नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस त्यांच्या मदतीला धावले. कुपी उघडताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही नोंद कागदोपत्री होतीच. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. ते मुंबईतच कुपीत शिरले असते, तर वाढून त्यांची दुर्गंधी सुटली असती; पण कुपी उघडताना तसा वास आला नव्हता. जुलै १९०७ मध्ये रॉस आणि इतर नामवंतांचे पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आले. त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांच्यावरील ठपका मागे घेतला. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

दोष नेमका कुठे होता हे कळले, ते एका कुपीचा क्रमांक टिपलेला होता म्हणून. विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयापासून तांड्यावरच्या उपकेंद्रापर्यंत आज प्रत्येक कुपीवर बॅच क्रमांक असतो, तो याचसाठी. एकदा उघडलेल्या कुपीला माती-धुळीचा धोका आजही तितकाच आहे. म्हणून बाळाचे लसीकरण कार्ड जपून ठेवा आणि प्रत्येक सुई नवीन, बंद पाकिटातून काढलेली आहे ना, हे पाहा. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. काही त्रास झालाच, तर कार्ड घेऊन लगेच दवाखाना गाठा.