सरावाचा प्रश्न कोण रचतो?

रसायनशास्त्राच्या गाईडमध्ये एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे : ‘हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करण्याची प्रयोगशाळेतील कृती आकृतीसह लिहून त्याचे गुणधर्म सांगा.’ उत्तर ठरलेले आहे. किपचे उपकरण, फेरस सल्फाइडवर सौम्य सल्फ्युरिक आम्ल, कुजक्या अंड्यांसारखा वास, हवेपेक्षा जड, विषारी. नाशिकच्या आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी संध्याकाळी कॉलेजची मुले-मुली सरावाला बसतात, मीही त्यांच्यात बसतो. तिथे बी.एस्सी.च्या एका मुलाने हे उत्तर कुठेही न अडखळता म्हणून दाखवले. त्याच्या नात्यातली माणसे गटारसफाईचे काम करतात हे मला ठाऊक होते. म्हणून विचारले, ‘मग मॅनहोलमध्ये उतरलेला माणूस कशाने मरतो?’ तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘सर, ते ह्या धड्यात नाही.’

ते ह्याच धड्यात आहे. मैलापाण्यात सल्फेट असते. प्राणवायू संपलेल्या गाळातले जंतू त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम सुटतो. त्याचा रेणुभार 34, हवेचा सरासरी 29. म्हणून तो खड्ड्याच्या तळाशी साचून राहतो. आणि सर्वांत घातक गोष्ट अशी की, प्रमाण वाढले की हा वायू वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे उतरणाऱ्याला वाटते. वर उभा असलेला सोबती त्याला काढायला उतरतो आणि पुष्कळदा तोही परत येत नाही.

आम्ही तो प्रश्न वहीत असा लिहून घेतला : ‘मॅनहोलच्या तोंडाशी कुजका वास आला, चार पायऱ्या उतरल्यावर वास थांबला. उतरणाऱ्याने पुढे जावे काय? रेणुभारांच्या आधारे व वायूच्या शरीरावरील परिणामाच्या आधारे कारणे द्या.’ ह्याचे उत्तर लिहिणाऱ्याला गाईडमधले पाचही मुद्दे यावेच लागतात. परीक्षेचे काही बुडत नाही.

हाताने मैला साफ करण्याविरुद्ध पहिला केंद्रीय कायदा 1993 साली झाला, दुसरा 2013 साली. 1993 पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले. 2023 साली न्यायालयाने ही रक्कम तीस लाखांवर नेली. भरपाईचा आकडा बदलला, गाईडमधला प्रश्न बदलला नाही.

आपल्या चळवळीतले काही मित्र गाईड, अपेक्षित प्रश्नसंच, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका ह्यांचे नाव काढले की नाक मुरडतात. ‘ही कारकून घडवण्याची विद्या’ म्हणतात. मला हे पटत नाही. ज्याचा बाप प्राध्यापक, त्याला घरातच विचारणारा माणूस असतो : असे का, उलटे करून बघ, पुन्हा मांड. आपल्या पहिल्या पिढीच्या मुलाला असे विचारणारे घरात कोणी नसते. सरावाचा प्रश्न त्याच्यापुरता तो माणूस असतो. आणि गुण तर हवेतच.

मात्र सराव म्हणजे उत्तर दहादा वाचणे नव्हे. रोडिगर आणि कार्पिकी ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणारे. पुस्तक मिटून लिहा, अडला तिथे खूण करा, मगच उघडा, एवढीच त्यातली युक्ती. 1989 साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने एकट्याने शिकणाऱ्यासाठी पुस्तके काढली, त्यांत मजकुराच्या मध्येच प्रश्न घालण्याची पद्धत आहे ती ह्याचसाठी. आपली मुले ते प्रश्न ओलांडून पुढे जातात, ही वेगळी गोष्ट.

गणितात अडचण आधी भाषेची येते. मराठी माध्यमातून आलेली मुलगी उदाहरणाचा पहिला भाग बिनचूक सोडवते आणि ‘हेन्स प्रूव्ह’ असा दुसरा भाग आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. ‘हेन्स’ म्हणजे वर जे सिद्ध केलेस तेच वापर, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. तिचे गणित कच्चे नव्हते. एका शब्दाने तिचा अर्धा तास खाल्ला.

चक्रवाढीच्या उदाहरणात गाईड नेहमी बँकेचे व्याज घेते. आमच्या वहीत सावकार आहे. शेकडा पाच दरमहा, मुद्दल दहा हजार. सरळ व्याजाने वर्षाला सहा हजार. थकलेले व्याज मुद्दलात धरत गेले, तर बारा महिन्यांनी देणे होते 17,958 रुपये 56 पैसे, आणि पंधराव्या महिन्यात ते दुपटीच्या पुढे जाते. लॉगॅरिथम कशाला शिकायचे, असे त्या दिवसानंतर कोणी विचारले नाही.

अर्थशास्त्रात प्रश्नाच्या आड काय लपते ते अधिक उघड दिसते. ‘शेतजमिनीच्या विभाजनाची व तुकडेकरणाची कारणे, परिणाम व उपाय सांगा.’ गाईडचे उपाय म्हणजे एकत्रीकरण, सहकारी शेती, कायदा. आता 1918 साली बाबासाहेबांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर लिहिलेला निबंध उघडा. ते म्हणतात, शेत आर्थिकदृष्ट्या परवडणारे की न परवडणारे हे एकरांवरून ठरत नाही. भांडवल आणि श्रम ह्यांच्याशी जमिनीचे प्रमाण काय, ह्यावरून ठरते. अवजारे नसलेल्या माणसाला मोठे शेतही तोट्याचेच. खरे दुखणे जमिनीवर अडून पडलेल्या बेकार श्रमाचे, आणि त्यावर त्यांचा उपाय औद्योगिकीकरणाचा. हा निबंध माहीत असलेला विद्यार्थी गाईडच्या उपायांना उलटा प्रश्न घालू शकतो : एकत्रीकरण झाल्यावर मोकळा झालेला मजूर कुठे जाईल?

आणि ज्याच्या वाट्याला तुकडाही आला नाही, त्याचे काय? हा प्रश्न नाशिक जिल्ह्याला नवा नाही. दादासाहेब गायकवाड इथलेच; त्यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह 1959 आणि 1964 साली झाले. गाईडचा प्रश्न मात्र जमीन असलेल्यापासून सुरू होतो आणि जमीन असलेल्यापाशीच संपतो.

सध्या आमच्या वहीत एका मुलीने घातलेला प्रश्न अडून बसला आहे. ‘नाशिकरोडच्या छापखान्यात 1928 पासून नोटा छापतात. सरकारने जास्त नोटा छापून भूमिहीनांना वाटल्या तर काय होईल?’ भाव वाढतील, असे सगळ्यांनी झटक्यात लिहिले. मी म्हटले, बरोबर, पण अपुरे. बाबासाहेबांच्या 1923 सालच्या रुपयावरील ग्रंथात भर आहे तो रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहण्यावर. तेव्हा क्रयशक्ती घसरली की कोण किती बुडतो, ते मांडायला हवे. त्यावर तिने ‘आ’ भाग जोडला : ‘लासलगावचा कांदा व्यापारी, कांदा काढणारी मजूर बाई आणि पगारदार शिक्षक ह्या तिघांचे उत्पन्न भावाच्या मागे किती महिन्यांनी वाढेल? क्रम लावा व कारणे द्या.’ क्रम सगळ्यांनी लावला. महिने लिहायला अजून कोणी पुढे आलेले नाही.