सपाट भिंतीवरील खोली : चक्खु, रूप आणि सञ्ञा

जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या क्रमांक १ च्या लेणीत पद्मपाणी बोधिसत्त्वाचे भित्तिचित्र आहे. इ. स. च्या ५ व्या शतकाच्या उत्तरार्धात ते रंगविले गेले. भिंत सपाट आहे, तरीही बोधिसत्त्वाचे नाक पुढे आलेले व गाल गोलाकार भासतात. ही खोली भिंतीत नाही. मग ती कोठे आहे?

डोळ्याच्या आतील पडद्यावर उमटणाऱ्या प्रतिमेस लांबी व रुंदी एवढ्या दोनच मिती असतात. अंतराचा बोध मेंदू खुणांवरून सिद्ध करतो. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे ६ सें. मी. अंतर असल्याने प्रत्येकास वस्तू किंचित निराळी दिसते. या फरकातून खोली जाणवते, हे चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ साली दाखवून दिले. मेंदूच्या मागील भागात दोन्ही डोळ्यांकडील माहिती एकत्र येते आणि तेथील काही पेशी नेमक्या या फरकालाच प्रतिसाद देतात.

वस्तू फार दूर असली की हा फरक नगण्य होतो. तेव्हा अन्य खुणा उपयोगी पडतात. एस. टी. ने जळगावहून धुळ्याकडे जाताना रस्त्याकडेची झाडे झपाट्याने मागे पडतात, दूरची टेकडी मात्र आपल्यासोबत चालल्यासारखी वाटते. यावल-रावेरच्या शिवारातून एरवी धूसर दिसणारा सातपुडा पावसाने हवा स्वच्छ होताच जवळ आल्यासारखा भासतो. धूसर ते दूर, हा मनाचा ठोकताळा येथे चुकतो.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी छायाप्रकाशाची खूण वापरली. चेहऱ्याच्या कडा त्यांनी गडद केल्या व नाकाचा उंचवटा उजळ ठेवला. परंतु दोन्ही डोळे उघडे असता भिंतीचा सपाटपणाही जाणवत राहतो. एक डोळा मिटून, डोके स्थिर ठेवून, मुठीच्या पोकळीतून असे चित्र पाहावे. उठाव अधिक जाणवतो.

मज्झिम निकायातील मधुपिण्डिक सुत्तात महाकच्चान थेरांनी दर्शनाचा क्रम उलगडला आहे. चक्खु व रूप यांमुळे चक्खुविञ्ञाण उत्पन्न होते. या तिघांचा संयोग म्हणजे फस्स. त्यातून वेदना, मग सञ्ञा, वितक्क आणि शेवटी पपञ्च. यात आधुनिक मेंदूविज्ञान शोधणे योग्य नव्हे. तथापि पाहणे ही एकसंध घटना नसून कारणांनी घडणारी प्रक्रिया आहे, हा विचार दोन्हींकडे आढळतो.

‘मी डोळ्यांनी पाहिले’ हे आपण अखेरचे प्रमाण मानतो. माणसाचे कपडे व राहणी पाहून त्याची योग्यता ठरविताना, आपण जे पाहिले असे समजतो त्यात रूप थोडे आणि सञ्ञाच अधिक असते. सातपुडा दूर आहे हे ठाऊक असूनही तो जवळ भासतोच. ज्ञानाने भास नाहीसा होत नाही; त्यावर किती विश्वास ठेवावा, हे मात्र तपासता येते.