रोजचा नेम : ख्रिस्ती जीवनाची वाढ आणि आपला दिवस



युसूफ वडगावात आज आपण एका साध्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. रविवारची उपासना आपण चुकवत नाही. मग सोमवार ते शनिवार काय? पेरणी कधी, खुरपणी कधी, हे शेतकरी ठरवून ठेवतो. आत्मिक जीवन मात्र आपण पावसाच्या भरवशावर सोडतो. म्हणून प्रत्येकाने आपापला नेम कसा बांधावा, ते पाहू.

आधी एक गैरसमज दूर करू. नेम म्हणजे देवाची परतफेड नव्हे. आपल्या बीड जिल्ह्यात ‘उचल’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मुकादमाकडून उचल घ्यायची, कोयता चालवून ती फेडायची, आणि फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. पुष्कळ श्रद्धाळू माणसं देवाच्या कृपेकडे तशाच नजरेनं पाहतात. प्रार्थना चुकली की हप्ता थकल्यासारखं वाटतं. मग थकबाकीदार मुकादमाला चुकवतो तसे आपण देवाला चुकवू लागतो. आमच्या मते नेम आळसानं कमी मोडतो, या लाजेनं जास्त मोडतो.

तत्त्वज्ञानात हा वाद जुना आहे. ॲरिस्टॉटल म्हणतो की वाद्य वाजवूनच माणूस वादक होतो, तसा न्यायाची कृत्यं करूनच न्यायी होतो. मार्टिन ल्यूथरनं 1517 मध्ये याला हरकत घेतली. त्याचं म्हणणं, देव माणसाला आधी नीतिमान ठरवतो, सत्कृत्यं त्यानंतर येतात. आम्हाला वाटतं, दोघांचं ऐकायला जागा आहे. देवानं आपल्याला स्वीकारावं म्हणून सराव करायचा नाही, तिथे ल्यूथर बरोबर. पण स्वीकारलेल्या माणसाचा स्वभाव सरावानंच घडतो. राग आवरणं, खरं बोलणं एका रात्रीत येत नाही. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलही आधी कृपेचं दान सांगतो आणि लगेच सत्कृत्यांकडे वळतो.

आता प्रत्यक्ष आखणी. तिचे चार भाग.

पहिला, वाचन. इथे हिशेब कामाला येतो. पवित्र शास्त्राचे अध्याय 1189. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार लागतात. स्कॉटलंडचे पाळक रॉबर्ट मॅकशेन यांनी 1842 मध्ये, म्हणजे अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू झालं त्याच वर्षी, आपल्या मंडळीसाठी रोज साधारण चार अध्यायांची योजना केली होती. नवख्याला ती झेपत नाही. नव्या कराराचे अध्याय 260 आहेत. आठवड्याला पाच दिवस, रोज एक, असे 52 आठवड्यांत बरोबर पूर्ण होतात, आणि दोन दिवस राहिलेलं भरून काढायला मोकळे राहतात. त्याहूनही सोपं हवं असेल तर मार्काचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय आहेत.

दुसरा, प्रार्थना. ती आपल्या बोलीत करा. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंग-ओवीत आणली ती उगाच नव्हे. जी भाषा आईजवळ बोलतो, तीच देवाजवळ बोलावी. शब्द सुचत नसतील तेव्हा एखादं स्तोत्र हळू वाचावं. रोज पाच घेतली तर 150 स्तोत्रं महिन्याभरात होतात.

तिसरा, रात्रीचा आढावा. इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात त्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या: देवाचे आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची उजळणी, क्षमायाचना आणि उद्याचा निश्चय. दहा मिनिटं पुरतात.

चौथा, सोबत आणि सेवा. आठवड्यातून एकदा एका विश्वासू माणसाला विचारावं, “तुमचं कसं चाललंय?” आणि आपलंही सांगावं. शिवाय एक ठरलेलं काम असावं: आजाऱ्याची भेट, अबोला धरलेल्या भावाशी बोलणं. नेमामुळे घरच्यांशी वागणं बदलत नसेल, तर तो नेम तपासायला हवा.

आता आपली खरी अडचण. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत मुक्काम कोपीत. पहाटे अंधारात फडात जायचं, तिथे एकांताचा तास कुठून आणणार? म्हणून नेम दोन करावेत, एक गावचा आणि एक हंगामाचा. हंगामाचा अगदी लहान ठेवा: सकाळी एक वचन, ते दिवसभर मनात घोळवायचं आणि झोपताना आभार. वाचता येत नसेल तर लेकराकडून ऐकावं, मोबाइलवर ऐकावं. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या, लग्नानंतर घरीच अक्षरं शिकल्या. आणि 1919 मध्ये टिळक गेले तेव्हा अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पूर्ण केलं.

शेवटचं सांगायचं ते चुकलेल्या दिवसाविषयी. दोन दिवस सुटले तर मागचं ओझं घेऊन बसू नका. आजच्या पानापासून सुरू करा. देवाकडे थकबाकीची वही नाही. आज घरी गेल्यावर एका कागदावर चारच गोष्टी लिहा: काय वाचणार, कधी प्रार्थना करणार, कोणाला विचारणार, कोणाच्या कामी येणार. महिनाभर करून पाहा, आणि जे झेपलं नाही ते खुशाल कमी करा.