रक्ताचा कर्करोग : शेजारच्या खाटेवरचा धीर

रक्ताचा कर्करोग म्हटले की आपल्या वस्तीत आवाज खाली येतो. घरचे कुजबुजतात, रुग्ण मनातून खचतो. डॉक्टर उपचार सांगतात. पण "माझेही केस गेले होते, तोंड आले होते, आता बघा," हे त्याच वाटेने गेलेला रुग्णच सांगू शकतो. परळच्या टाटा रुग्णालयाच्या रांगेत किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत असा धीर रोज दिला-घेतला जातो.

तो लागतो, कारण उपचार लांबतो. मुलांमध्ये जास्त आढळणाऱ्या प्रकारात तो दोन ते तीन वर्षे चालतो. सीएमएल प्रकारात इमॅटिनिबसारखी गोळी रोज घ्यावी लागते. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने ती बंद केली, तर आजार पुन्हा डोके वर काढू शकतो.

मात्र दुसऱ्या रुग्णाकडून धीर घ्यावा, औषध नव्हे. या आजाराचे प्रकार अनेक आहेत. केमो चालू असताना १००.४ अंश ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

हा रोग शिवल्याने पसरत नाही. रुग्ण मास्क लावतो तो स्वतःला जंतूंपासून जपण्यासाठी. त्याला वाळीत टाकू नका. शिवाशिवीचे दुःख आपल्याला कोणी सांगायला नको.

वस्तीत कोणी उपचार पूर्ण करून परतले असेल, तर त्यांनी नव्या रुग्णाजवळ हात धुऊन घटकाभर बसावे. सर्दी-खोकला असेल, तर फोन करावा. तेवढ्यानेही अर्धवट सुटणारा उपचार पुरा होऊ शकतो.