वस्तीवरचा हातपंप

एखाद्या मागास तालुक्याच्या आरोग्याचा अहवाल उघडला, की सुरुवातीची पानं नसलेल्या गोष्टींनी भरलेली असतात. डॉक्टर नाही, रस्ता नाही, संडास नाहीत, बाया शिकलेल्या नाहीत, लोक अंधश्रद्धाळू आहेत. ही यादी खोटी नसते. पण तिच्यातून निघणारा उपाय ठरलेलाच असतो : जे नाही ते बाहेरून आणून बसवायचं. बाहेरून आणून बसवलेलं गावात रुजतंच असं नाही, हे पन्नास वर्षांपूर्वी जामखेडमध्ये दिसून आलं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. दोघेही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले, पुढे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतलेले. तेव्हाच्या नगर जिल्ह्याचा हा कोपरा कायम पावसाच्या तोंडाकडे पाहणारा. जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. आरोळ्यांची पहिली योजना चारचौघांसारखीच होती. प्रशिक्षित नर्सबाई खेड्यात ठेवायच्या, त्यांनी घरोघरी जायचं. ते जमलं नाही. शहरात शिकलेल्या त्या मुलींना परक्या गावात एकटं राहणं नको वाटे, आणि गावातल्या बायाही परक्या मुलीपुढे मन मोकळं करीनात. मग गावातलीच बाई का नको, असा विचार पुढे आला आणि प्रकल्पाची दिशाच पालटली.

बाई निवडायची ती गावानं. शिक्षणाची अट नाही. निवडल्या गेलेल्या अनेकजणी निरक्षर होत्या. बऱ्याचजणी दलित समाजातल्या, काही विधवा, काही नवऱ्यानं टाकलेल्या. गावाच्या उतरंडीत ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशा बायांकडे गावाचं आरोग्य सोपवायचं, हा निर्णय आज ऐकायला गोड वाटतो. तेव्हा तो पचवायला गावालाही जड गेला आणि त्या बायांनाही. त्या दर आठवड्याला जामखेडच्या केंद्रावर येत, मुक्काम करत, एका पंगतीला जेवत. रात्री झोपायला सगळ्याजणींना मिळून एकच मोठं पांघरूण. ज्यांच्या घरात पाण्याची भांडी वेगळी ठेवली जात, त्या एका पांघरुणाखाली झोपू लागल्या. आरोग्यशिक्षणाचा हा धडा कुठल्याही अभ्यासक्रमात सापडणार नाही, आणि माझ्या मते तोच सर्वात कठीण होता.

शिकवलेल्या गोष्टी तशा साध्या होत्या. जुलाब झाले तर पाणी तोडायचं नाही, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं. बाळाला पहिलं चिकाचं दूध द्यायचं. पोट मोठं झालं तर बाळंतपण अडेल म्हणून गरोदर बाई मुद्दाम कमी जेवायची. तिला दोन घास जास्त खायला लावायचं. डॉक्टरनं सांगितलं असतं तर सासूनं मान हलवली असती आणि सुनेला अर्धीच भाकरी वाढली असती. सांगणारी शेजारीण असली, तिनं स्वतः चार बाळंतपणं सोसलेली असली, एखादं मूल गमावलेलं असलं, की सासूही ऐकते. या बाईकडे जे होतं ते कुठल्याही नर्सिंग महाविद्यालयाला देता आलं नसतं. कुणाच्या घरात काय शिजतं, कोण दारू पिऊन मारतं, कुणाला दिवस गेलेत पण ती अजून बोलत नाही, हे सगळं तिला ठाऊक होतं.

पण गाव म्हणजे एकजीव कुटुंब, ही कल्पना शहरात बसूनच सुचते. गावकीची ताकद म्हणजे बऱ्याचदा गावातल्या बलवंतांची ताकद असते. समाजाच्या बळावर विसंबायचं म्हटलं की ते बळ पाटीलवाड्याकडे वाहत जातं आणि दलित वस्ती होती तिथेच राहते. आरोळ्यांना हे कळत होतं. त्यांनी गावाला विचारलं तेव्हा लोकांनी दवाखाना मागितलाच नव्हता. पाणी आणि धान्य मागितलं होतं. लवकरच १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रावर कोसळला. कूपनलिका खोदायची वेळ आली, तेव्हा जागा निवडताना शक्य तिथे दलित वस्तीतली जागा धरली गेली. पाणी हवं तर सगळ्या गावानं तिथे यायचं. व्याख्यानं देऊन जे झालं नसतं, ते हातपंपाच्या रांगेत हळूहळू घडू लागलं. बाप्यांसाठी वेगळी वाट होती. संध्याकाळी व्हॉलीबॉलचं मैदान, खेळून झालं की गप्पा, त्यातून शेतकरी मंडळं. मागोमाग महिला मंडळं आली. कुष्ठरोग्यांना गावाबाहेरच्या वसाहतीत न पाठवता इतर रुग्णांसारखंच, त्यांच्या घरी राहून उपचार मिळू लागले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ मधल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या पुस्तकात जामखेडवर एक प्रकरण आहे. तीन वर्षांनी अल्मा-आटा इथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा झाला, त्यामागे अशाच काही प्रयोगांचा अनुभव होता. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे सगळं खरं, पण कौतुकाच्या भरात आकडे नीट तपासले जात नाहीत. ते काम जागतिक आरोग्य संघटनेच्या मासिकात २०१० मध्ये आलेल्या एका अभ्यासानं केलं. जामखेड प्रकल्पातली गावं आणि त्याच परिसरातली बाहेरची गावं यांची त्यात तुलना होती. एक महिना ते पाच वर्षं या वयात मूल दगावण्याचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंत मात्र ठळक फरक दिसला नाही.

नेमकी हीच गाठ गडचिरोलीत त्याआधीच सुटली होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास ‘सर्च’ या संस्थेची स्थापना केली. दवाखाना कसा हवा, हे आधी आदिवासींना विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढरे कपडे प्रेताला घालतात, रोग्यासोबत घरच्यांना राहू द्या, असं लोकांनी सांगितलं. म्हणून शोधग्राम या संस्थेच्या परिसरातला दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव मिळालं. निरक्षर दाईला बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांची पाटी आणि वाळूचं घड्याळ असं साधन तयार झालं : दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलात तर न्यूमोनिया.

नवजात बाळांचा प्रयोग यानंतरचा. गावातल्या थोडंफार शिकलेल्या बायांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. बाळ जन्मताना हजर राहायचं, श्वास घेत नसेल तर मास्क लावून श्वास द्यायचा, वजन करायचं, ऊब द्यायची, घरी पुन्हा पुन्हा जाऊन तपासायचं. जंतुदोषाची लक्षणं दिसली आणि आईबाप दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर इंजेक्शनही द्यायचं. अनेक तज्ज्ञांना हे धाडस वाटलं. ३९ गावांत सेवा आणि ४७ गावांत तुलना, असा प्रयोग होता. तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, आणि हे निष्कर्ष डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारनं घरोघरी नवजात बाळसेवा देशभर ‘आशा’ कार्यकर्तींकडे दिली. इथे माझा आक्षेप आहे. सरकारनं या प्रयोगांतली बाई घेतली आणि तिच्या पाठीशी जे उभं होतं ते बरंचसं वाटेत सोडलं. जामखेडच्या बाईमागे दर आठवड्याचं शिक्षण होतं, हाकेसरशी धावून येणारं पथक होतं, तिनं पाठवलेल्या रोग्याला परत न लावणारं रुग्णालय होतं. गडचिरोलीच्या आरोग्यदूताच्या हाती इंजेक्शन होतं; सरकारी आवृत्तीत ते आशाच्या हातून काढलं गेलं. आशाची निवड गावानं करायची, असं कागदावर आहे. ती कुणाच्या शब्दावर होते, हे गावोगावच्या लोकांना ठाऊक आहे. कागदोपत्री ती ‘स्वयंसेविका’, म्हणून तिला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये देशातल्या दहा लाख आशांचा गौरव केला. त्याच्या आधी, २०२१ मध्ये, आणि नंतर, २०२३ मध्ये, महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संपावर जावं लागलं. माया लावणारी बाई फुकट राबेल, हा हिशेब लोकसहभागाच्या नावाखाली खपवला जातो.

समाजाची ताकद हा सरकारी खर्चातल्या काटकसरीचा मार्ग नव्हे. जामखेडला ती उपयोगी पडली कारण तिच्यावर पैसा, वेळ आणि विश्वास खर्च झाला, आणि ज्यांचं बळ आजवर मोजलंच गेलं नव्हतं त्यांच्या हाती ती मुद्दाम सोपवली गेली.

प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असायला हवी. तिला थोडा का होईना, गावानं स्वतः ठरवून खर्चायचा निधी असतो. तुमच्या गावात ती आहे का? तिच्यात वस्तीवरचं कोण आहे? आशाताईंच्या औषधपेटीत पॅरासिटामॉल आणि ओआरएसची पाकिटं आहेत का, त्यांचं शेवटचं प्रशिक्षण कधी झालं, मागच्या महिन्याचे पैसे मिळाले का? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरते. पुढच्या सभेत हे प्रश्न विचारा, आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.