गव्हाणीतलं बाळ अनाथ नव्हतं

नाताळ जवळ आला की ख्रिस्ती घरांत अनाथ मुलांचा विषय निघतोच. उपासनेत त्यांच्यासाठी प्रार्थना होते, कपडे-खाऊ गोळा होतो आणि मूल नसलेलं एखादं जोडपं हळूच विचारतं, "आम्हाला एखादं लेकरू मिळेल का?" प्रश्न मनापासूनचा असतो. पण त्याभोवती गैरसमज फार आहेत.

वसतिगृहात राहणारं मूल अनाथ असतं, हा त्यातला सगळ्यात खोलवर रुजलेला. किनवट तालुक्यात तो सहज खोटा ठरतो. इथल्या आश्रमशाळांत गोंड, कोलाम, आंध घरांतली मुलं शिकायला राहतात; त्यांचे आईबाप पाड्यावर असतात. तांड्यावरून ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं आजीपाशी राहतात, म्हणून ती पोरकी होत नाहीत. जगाचे आकडेही नीट वाचायला हवेत. युनिसेफच्या व्याख्येत आई किंवा वडील, एक जरी गेलं तरी मूल अनाथ धरतात. २०१५ मध्ये अशी सुमारे १४ कोटी मुलं होती. दोघंही गमावलेली त्यांतली दीड कोटीच. बाकीच्यांची आई नाहीतर बाप हयात होता.

याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवा यांचा उल्लेख एकाच दमात येतो. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुष्कळदा ते एकच घर असतं. तिथे लेकरू उचलून दुसरीकडे नेण्याआधी त्या आईला उभं करायला हवं. महाराष्ट्राची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना अशा मुलांसाठी महिन्याला २,२५० रुपये देते. अर्ज मात्र कुणीतरी भरून द्यावा लागतो.

"ख्रिस्ती माणसाला दत्तक घेता येत नाही," असं आजही ऐकू येतं. एके काळी ते खरं होतं. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरताच होता. ख्रिस्ती जोडप्याला १८९० च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं. वर्षानुवर्षं आईबाबा म्हणवून घेतलेली माणसं कागदावर पालकच राहायची आणि मूल सज्ञान झालं की तेही नातं कायद्याने संपायचं. बालन्याय कायद्याने ही भिंत पाडली. २००६ च्या दुरुस्तीने दत्तक मुलाचे हक्क स्पष्ट झाले आणि २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याखाली दत्तक घेता येतं. आज ते मूल सर्वार्थाने पोटच्या लेकरासारखंच.

परदेशी दत्तकाबद्दल दोन टोकांची मतं आहेत: कुणाला ती विक्री वाटते, कुणाला सुटका. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये कडक नियम घालून दिले. २००३ मध्ये भारताने हेग करार स्वीकारला. मुलासाठी आधी देशातलं कुटुंब शोधायचं, मगच बाहेरचं, हे त्यातलं तत्त्व. भारतीय कुटुंबालाही परदेशातलं मूल दत्तक घेता येतं. पण त्यासाठी त्या देशाचा कायदा आणि आपल्या 'कारा'ची, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाची, मंजुरी लागते. नाताळच्या सुट्टीत जाऊन आणण्याजोगी ती गोष्ट नाही.

सर्वांत धोक्याचा समज मात्र गावातलाच आहे: बाँडपेपरवर सह्या केल्या की दत्तक झालं. नाही झालं. अनाथ, सोडून दिलेलं किंवा सोपवलेलं मूल कायदेशीर वाटेबाहेर देणं-घेणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूल दत्तकासाठी मुक्त आहे, हे बाल कल्याण समिती ठरवते. सोपवणाऱ्या आईला मन बदलायला दोन महिने मिळतात. ती मुदत मला या कायद्यातली सर्वांत माणुसकीची गोष्ट वाटते. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

गव्हाणीतल्या बाळाजवळ मरिया होती. आणि ज्याने त्याला जन्म दिला नव्हता, तो योसेफ त्याचा बाप होऊन उभा होता. दोन्ही नाती खरी.

तेव्हा मूल हवं असेल, तर 'कारा'च्या संकेतस्थळावर नाव नोंदवा आणि धीर धरा. टाकलेलं बाळ दिसलं, तर १०९८ वर फोन करा. आणि तुमच्या मंडळीत नवरा गेलेली एखादी बाई लेकरं सांभाळत असेल, तर या नाताळात तिचा बालसंगोपनाचा अर्ज तेवढा भरून द्या.